आपल्या दारापुढची भिंत



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त योजिलेल्या व्याख्यानमालेत ‘ख्रिस्ती श्रद्धा आणि आशावादी जीवनदृष्टी’ या विषयावर आम्ही बोलावे, अशी आज्ञा कार्यकारी समितीने केली. आम्ही धर्मोपदेशक नव्हे, विद्वान तर नव्हेच. मराठी ख्रिस्ती घरात जन्मलेला आणि केंद्र सरकारच्या सेवेत गावोगावच्या बदल्या भोगलेला एक सामान्य गृहस्थ, एवढाच आमचा अधिकार. शिवाय हे व्यासपीठ धर्मप्रसाराचे नव्हे, याचीही आम्हांस पूर्ण जाणीव आहे. तेव्हा आम्ही येथे कोणास काही स्वीकारण्याचे आवाहन करणार नाही. आमच्या घरची शिदोरी कशाची आहे, एवढेच उघडून दाखविणार आहोत. ज्यास त्यातले जे रुचेल ते त्याने घ्यावे.

प्रथम एक गैरसमज दूर करावासा वाटतो. ख्रिस्ती धर्म म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे इंग्रजी भाषा आणि गोरा पाद्री उभा राहतो. परंतु फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली मराठीत, आणि तेही ओवीबद्ध, छापले गेले. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे सांगत. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. तेव्हा आज आपण जे ऐकणार आहात, ते आपल्याच भाषेच्या ओसरीवरचे बोलणे आहे.

आणि या ओसरीचा एक खांब तर बुंदेलखंडातच रोवलेला आहे. नीळकंठशास्त्री गोऱ्हे हे कोकणस्थ ब्राह्मण कुळातले पंडित. त्यांचा जन्म १८२५ साली झाशीच्या प्रदेशातील काशीपुरा या गावी झाला. आपल्यापैकी अनेकांच्या पूर्वजांप्रमाणे त्यांचे घराणेही दक्षिणेतून या बाजूस येऊन स्थिरावले होते. काशीत त्यांचे शास्त्राध्ययन झाले. मिशनऱ्यांचे खंडन करावे म्हणून त्यांनी ख्रिस्ती ग्रंथ हाती घेतले आणि अखेर १८४८ साली त्यांनी स्वतःच बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी त्यांनी जे नाव धारण केले ते मोठे अर्थपूर्ण आहे. ते नाव म्हणजे नेहेम्या.

हा नेहेम्या कोण? बायबलाच्या जुन्या करारात त्याच्या नावाचा एक छोटा ग्रंथ आहे. इ. स. पूर्व ४४५ च्या सुमाराची ही हकीकत. नेहेम्या हा यहुदी मनुष्य इराणच्या राजाच्या दरबारी प्यालेबरदार होता. आजच्या भाषेत सांगावयाचे तर मायभूमीपासून फार दूर, परक्या मुलखात मानाच्या जागेवर बसलेला सरकारी अधिकारी. एके दिवशी गावाकडचे लोक भेटले, त्यांच्याकडे त्याने यरुशलेमची विचारपूस केली, तेव्हा कळले की शहराचा तट पडला आहे, वेशी जळाल्या आहेत आणि माणसे दैन्यात आहेत. हे ऐकून नेहेम्याने काय केले? तो खाली बसला आणि रडला. कित्येक दिवस त्याने शोक केला, उपवास केला, प्रार्थना केली. मग राजाकडे रजा मागितली, गावी गेला, रात्रीच्या वेळी मोजकी माणसे बरोबर घेऊन पडक्या तटाची स्वतः पाहणी केली, आणि त्यानंतरच लोकांना म्हणाला की चला, बांधू या. ५२ दिवसांत तट उभा राहिला.

बंधुभगिनींनो, आमच्या समजुतीप्रमाणे ख्रिस्ती आशावादाचे सारे सार या क्रमात आहे. आधी रडणे, मग प्रार्थना, मग पाहणी आणि मग काम. यातली एकही पायरी गाळता येत नाही. आजकाल आशावादाच्या नावाखाली जे काही विकले जाते, त्यात पहिली पायरीच गाळलेली असते. दुःख बोलू नका, अशुभ उच्चारू नका, आरशापुढे उभे राहून हसा, म्हणजे सर्व काही ठीक होईल, असा तो उपदेश असतो. ख्रिस्ती श्रद्धेचा आणि या उपदेशाचा काहीही संबंध नाही. बायबलातील स्तोत्रसंहिता उघडून पाहावी. त्यात स्तुती आहे तितकाच आक्रोश आहे. देवा, तू कोठे लपलास, असे भक्त तेथे देवाच्या तोंडावर विचारतो, आणि तो प्रश्न पवित्र ग्रंथातून कोणी खोडून काढलेला नाही. लाजारस या मित्राच्या कबरेपाशी स्वतः प्रभू येशू रडला. पुनरुत्थानाच्या रविवारापूर्वी क्रूसाचा शुक्रवार येतो, आणि या दोहोंच्या मध्ये एक शनिवार असतो, ज्या दिवशी काहीही घडत नाही. माणसाच्या आयुष्याचा बराचसा भाग त्या शनिवारी जातो. आशा खरी आहे की नुसती बोलण्याची, याची परीक्षा तेव्हाच होते.

असा शनिवार आपण सर्वांनी अलीकडेच पाहिला आहे. मे २०२० मध्ये महाराष्ट्रातून उत्तरेकडे निघालेले श्रमिकांचे तांडे झाशीच्या सीमेवर थांबलेले आपण पाहिले. पुढल्या वर्षीच्या दुसऱ्या लाटेत तर मृत्यू आपल्या घरांत शिरला. आमचे ज्येष्ठ बंधू त्या मे महिन्यात अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, वारले. आम्हांस जाता आले नाही. त्यांचा अंत्यविधी आम्ही उभयतांनी मोबाईलच्या पडद्यावर पाहिला. येथे बसलेल्या किती तरी कुटुंबांची हीच कथा आहे. परगावी राहणाऱ्या माणसाचे हे विशेष दुःख असते. सुखाच्या बातम्या त्याला पोहोचतात, परंतु दुःखाच्या वेळी तो स्वतः पोहोचू शकत नाही.

त्या दिवसांत ‘सर्व काही ठीक होईल’ असे सांगणारे संदेश आम्हांस पुष्कळ आले. पाठविणाऱ्यांचा हेतू निःसंशय चांगला होता. परंतु जे ठीक व्हावयाचे नव्हते ते ठीक होणार नव्हते, आणि ते वाक्य वाचून मनाला आधार मिळाला नाही. आधार मिळाला तो दुसऱ्याच एका गोष्टीने. आपल्याच मंडळातील एका वहिनींनी, आत येण्याची सोय नसल्यामुळे, आमच्या दाराबाहेर पिठलेभाताचा डबा ठेवला आणि जिन्यातूनच हाक मारून त्या निघून गेल्या. सलग सात दिवस हा क्रम चालला. त्या वहिनी गणपतीच्या भक्त आहेत. बायबल त्यांनी कधी हाती धरलेले नाही. तरीही नेहेम्याचा तट कसा बांधला गेला, ते आम्हांस त्या डब्यामुळे समजले.

तो कसा बांधला गेला हे सांगण्यासारखे आहे. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात नुसती नावांची यादी आहे. मुलांना ती कंटाळवाणी वाटते; आम्हांलाही लहानपणी वाटे. कोणी कोणता दरवाजा बांधला, कोणाच्या शेजारी कोण उभा होता, एवढेच तीत नोंदविलेले आहे. त्यात याजक आहेत, सोनार आहेत, सुगंधी द्रव्ये करणारे आहेत, व्यापारी आहेत. एक गृहस्थ आपल्या मुलींना घेऊन भिंत बांधीत होते, त्यांचाही उल्लेख आहे. एका गावच्या प्रतिष्ठित मंडळींनी मात्र कामास खांदा दिला नाही, हेही लेखकाने टिपून ठेवले आहे. तेव्हा अशी मंडळी केवळ आपल्याच काळात जन्मतात असे समजण्याचे कारण नाही! आणि त्या यादीत पुनःपुन्हा एक गोष्ट येते, ती ही की अमक्याने आपल्या घरासमोरचा भाग दुरुस्त केला. संपूर्ण तट एकट्याने बांधावा असे कोणासही सांगितले नव्हते. ज्याच्या त्याच्या दारापुढे जेवढी भिंत पडली होती, तेवढीच त्याच्या वाट्याला आली.

आम्ही ज्या बडा बाजारात जमलो आहोत, त्या भागाला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. हे तटाचे शहर आहे. खंडेराव दरवाजा, ओरछा दरवाजा, दतिया दरवाजा ही नावे आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. १८५८ मध्ये इंग्रजांच्या तोफांनी या तटाला खिंडार पाडले आणि त्यानंतर शहरात कत्तल, लूट आणि आग यांनी जो हाहाकार माजविला, त्याचे प्रत्यक्ष पाहिलेले वर्णन वरसईच्या विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात करून ठेविले आहे. त्या शहरात पुन्हा चुली पेटल्या, पुन्हा तराजू टांगले गेले. ज्या दुकानदाराने सर्वप्रथम आपल्या पायरीवरची राख झाडून काढली असेल, त्याचे नाव इतिहासात नाही. परंतु शहर पुन्हा उभे राहिले ते अशाच माणसांमुळे. आपण जिला भवानी म्हणतो आणि येथील व्यापारी जिला बोहनी म्हणतो, ती दिवसाची पहिली विक्री होईल की नाही हे ठाऊक नसतानाही दुकान सकाळी उघडावेच लागते. आमच्या मते श्रद्धा पुष्कळशी अशीच असते.

कोणी म्हणेल की यात ख्रिस्ती ते काय? ही तर साधी व्यवहारबुद्धी झाली. प्रश्न रास्त आहे. व्यवहारबुद्धी दुकान उघडते, पण उघडून उपयोग होईल अशी थोडीशी तरी शक्यता दिसत असेल तोवर. ती शक्यता संपली की व्यवहारबुद्धीही संपते. त्यापुढे जे माणसाला उभे ठेवते, त्याला आम्ही श्रद्धा म्हणतो. शुक्रवारी जे संपले असे सर्वांना वाटले, ते देवाच्या हिशेबी संपलेले नव्हते, हा ख्रिस्ती श्रद्धेचा मूळ सिद्धांत होय. म्हणून आपल्या हातून झालेले लहानसे चांगले काम वाया जाणार नाही, असा विश्वास धरता येतो. फळ आपल्या डोळ्यांना दिसेलच असे नाही. किंबहुना ज्यांच्याकडे पाहून आम्ही हे शिकलो, त्यांपैकी कित्येकांना ते दिसले नाही.

पंडिता रमाबाईंचेच उदाहरण घ्या. १८७४ साली मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई आणि थोरली बहीण ही एकामागोमाग गेली. रमाबाई त्या वेळी सोळा वर्षांच्या होत्या. पुढे भाऊ गेला. विवाहानंतर दोन वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, १८८२ साली, पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले आणि कडेवर मनोरमा उरली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या निर्णयामागे ज्या लेखनाचा प्रभाव होता, त्यात आपल्या बुंदेलखंडच्या गोऱ्हेशास्त्र्यांचे लेखन होते. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन निघाले. त्यानंतर १८९६-९७ चा मोठा दुष्काळ आला. या दुष्काळाची पहिली झळ ज्या भागांना लागली त्यांत हाच बुंदेलखंड होता. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, आणि भुकेने अस्थिपंजर झालेल्या सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणिल्या. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. ती संस्था आजही चालू आहे.

दुष्काळाने जिचे माहेर गिळले, ती दुष्काळ विसरू पाहील असे आपणांस वाटेल. रमाबाईंनी तो विसरण्याचा यत्न केला नाही. भूक म्हणजे काय ते ठाऊक होते, म्हणूनच त्या भुकेल्यांच्या शोधात निघाल्या. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले. त्याच्या छपाईचे काम केडगावच्या आश्रमातील स्त्रियाच करीत. १९२१ मध्ये मनोरमा, म्हणजे त्यांचा एकमेव आधार, गेली. रमाबाईंनी हातातले काम सोडले नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या निवर्तल्या. छापलेले संपूर्ण बायबल १९२४ साली बाहेर आले. त्यांनी ते पाहिले नाही.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. १८९५ साली टिळकांनी धर्मांतर केले आणि लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात मोडला. पुढली काही वर्षे त्यांनी लहान मुलासह पतीपासून दूर काढली. सोवळ्याओवळ्याचे संस्कार, नातलगांचा शोक, स्वतःचे आजारपण या सर्वांतून वाट काढीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मनाचा कौल घेऊन, १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लिहिले. १९३४ पासून ते भागाभागाने प्रसिद्ध झाले. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ते असेल. नसेल तर असावे. त्या ग्रंथाचे नवल असे की, इतके सोसलेल्या बाईने तो लिहिला आहे आणि वाचणारा पानोपानी हसतो. त्यांनी दुःख झाकलेले नाही. मात्र दुःखाला घरातल्या सर्व खोल्या दिलेल्या नाहीत. एक खोली हसण्यासाठी राखून ठेविली आहे. स्वतःवर हसता येणे ही आम्ही श्रद्धेचीच एक खूण मानतो. आपण या जगाचे कर्ते नव्हे, हे ज्याला पटले त्यालाच असे हसता येते.

आणि ज्यांच्या नावापासून आम्ही प्रारंभ केला, त्या गोऱ्हेशास्त्र्यांचे काय? त्यांचा स्वभाव आनंदी होता असे कोणी म्हणणार नाही. शंकेने त्यांचा जन्मभर पिच्छा पुरविला. एकेक प्रश्न मनात शिरला म्हणजे तो त्यांना जाळीत असे. पत्नी लवकर वारली. कन्या एलेन लक्ष्मी इंग्लंडमध्ये परक्या कुटुंबात वाढली. तरी १८९५ साली मृत्यू येईपर्यंत हा मनुष्य लिहीत, शिकवीत आणि दारी येणाऱ्या जिज्ञासूंशी बोलत राहिला. ती कन्याही वयात आल्यावर या देशी परतली आणि येथे सेवेत राहिली. ज्यांच्या मनाला उजेड सहज सापडत नाही, अशा आपल्यातील माणसांनी गोऱ्हेशास्त्र्यांची आठवण अवश्य ठेवावी. आशावादी असण्यासाठी स्वभावाने हसतमुख असावे लागत नाही, आणि मनात शंका आली म्हणून श्रद्धा संपली असेही होत नाही.

आता एक सावधगिरीची सूचना. श्रद्धेच्या नावाखाली हातावर हात ठेवून बसणे हा आशावाद नव्हे. नेहेम्याच्या तटावर शत्रू चालून येणार अशी वार्ता आली, तेव्हा लोकांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहाराही बसविला. प्रार्थना केली म्हणून पहारा टाळला नाही, आणि पहारा आहे म्हणून प्रार्थना अनावश्यक मानिली नाही. म्हणून घरात कोणी आजारी असेल तर प्रार्थना करावी आणि वैद्याकडेही न्यावे. मन फार काळ काळवंडलेले राहील, झोप आणि अन्न नकोसे होईल, तर तेही आजारपणच समजून तज्ज्ञ डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. श्रद्धा कमी पडली असे म्हणून अशा माणसाला दोष देणे हे क्रौर्य होय.

आपल्या झाशीत संत ज्यूड यांचे तीर्थस्थान आहे. ज्यांच्या सर्व आशा सुटल्या त्यांचा कैवारी, अशी या संताची ख्याती. दरवर्षी २८ ऑक्टोबरला त्यांचा सण असतो आणि त्या वेळी तेथे सर्व धर्मांचे लोक येतात. मेणबत्ती लावणाऱ्या त्या गर्दीकडे पाहिले की आम्हांस नेहमी वाटते की, आशा सुटली असे म्हणणारा मनुष्यही एवढी वाट चालून आला आहे. म्हणजे पूर्ण काही सुटलेले नाही.

मंडळाने पन्नास वर्षे पूर्ण केली. घरापासून शेकडो कोस दूर, परभाषेच्या मुलखात, चार कुटुंबांनी एकत्र येऊन गणेशोत्सव, वाचनालय, नाटके, हळदीकुंकू, मुलांचे मराठीचे वर्ग चालविणे हे लहान काम नव्हे. यातील कित्येक संस्थापक आज हयात नाहीत. त्यांची नातवंडे हिंदीत स्वप्ने पाहतात, आणि ही भाषा आणखी किती पिढ्या येथे टिकेल, अशी चिंता वडीलधारी मंडळी व्यक्त करितात. ही चिंता आमच्याही मनात आहे, आणि तिच्यावर आम्हांपाशी रामबाण उपाय नाही. संपूर्ण तट आपल्या हाती नाही. आपल्या दारापुढचा भाग मात्र आहे. रात्री नातवाला मराठीतून एक गोष्ट सांगावी. नव्याने बदली होऊन आलेल्या कुटुंबाकडे पहिल्या दिवशी चहाचा थर्मास न्यावा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या काकांकडे आठवड्यातून एकदा डोकावावे. ज्या घरी मृत्यू झाला तेथे बोलण्यास शब्द सुचले नाहीत, तर नुसते जाऊन बसावे. ज्याच्या त्याच्या देवाचे स्मरण करून हे काम करावे. आम्ही ते ख्रिस्ताचे स्मरण करून करितो. आणि शेजारच्या दारापुढे दुसरा कोणी आपल्या देवाचे नाव घेऊन दगडावर दगड रचीत असेल, तर तटाला त्यामुळे कोठेही फट पडत नाही.

 मंडळास उत्तरोत्तर उत्कर्ष लाभो, ही परमेश्वरचरणी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.